टांझानियाला जाताना कुठे उतरावं? नैरोबी, किलिमांजारो की दार-एस-सलाम?

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघं टांझानियाला जायचं ठरवतोय. मी, नवरा, बारा वर्षांचा लेक आणि सासूबाई (वय ६७). सेरेंगेटीत फेब्रुवारीत विल्डबीस्ट या कळपाने राहणाऱ्या प्राण्यांची पिल्लं जन्मतात ते बघायचं, एक दिवस न्गोरोन्गोरोचं विवर आणि शेवटी तीन-चार दिवस झांझिबार. एकूण अकरा दिवस.

सफारीचं ठरलंय, पण विमानाच्या तिकिटांपाशी गेले तीन आठवडे घोडं अडलंय. मुंबईहून नैरोबीचं तिकीट सगळ्यात स्वस्त दिसतं. इथियोपियातल्या आदिस अबाबावरून किलिमांजारोला जाता येतं. आखातातून दोहा किंवा दुबईवरून जाता येतं. दार-एस-सलामला थेट जायचाही एक मार्ग दिसतो. प्रत्येक एजंट वेगळं सांगतो. नवरा म्हणतो नैरोबीला उतरून केनियातलं मसाई मारा अभयारण्य पण करू आणि तिथून सेरेंगेटीत जाऊ, नकाशात दोन्ही एकमेकांना चिकटूनच तर आहेत.

कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर नीट सांगाल का? पैशाचा प्रश्न आहेच, पण सासूबाईंची दगदग होऊ नये हे त्याहून महत्त्वाचं.

---

भटक्या_सातारकर

मृण्मयीताई, मी दोनदा नैरोबीमार्गे गेलोय आणि माझं मत नैरोबीलाच. मुंबईहून साधारण सहा-साडेसहा तासांत नैरोबी. एक रात्र तिथे काढायची आणि सकाळी अरुशाला जाणारी शटल बस पकडायची. नामांगाच्या सीमेवरून पाच-सहा तासांत अरुशा.

नामांगा हा बघण्यासारखा प्रकार आहे. दोन्ही देशांचं काम आता एकाच इमारतीत होतं. एका खिडकीवर केनियातून बाहेर पडल्याचा शिक्का, चार पावलांवर टांझानियात शिरल्याचा. बाहेर आलात की मसाई बायका मण्यांचे हार घेऊन घेरतात. माझ्याजवळ एक आजी आली, काही न बोलता माझ्या मनगटात कडं चढवलं आणि मग किंमत सांगितली. घेतलं मी. अजून हातात आहे.

विमानाच्या तुलनेत माणशी बरेच पैसे वाचतात. रस्ता चांगला आहे.

---

किसुतूकर

मी दारमध्ये, म्हणजे दार-एस-सलामला, अकरा वर्षं राहतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या यजमानांच्या नकाशाबद्दल. मसाई मारा आणि सेरेंगेटी चिकटून आहेत हे खरं, पण मधली सीमा पर्यटकांना ओलांडता येत नाही. १९७७ साली जुना पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला तेव्हा टांझानियाने सीमा बंद केली. पुढे देशांची सीमा उघडली, पण अभयारण्यांमधला तो रस्ता पर्यटकांसाठी उघडला नाही. जनावरं मारा नदी ओलांडून जातात, आपल्याला मात्र पश्चिमेला इसेबानिया–सिरारी नाक्यापर्यंत वळसा घालून यावं लागतं. त्यात अख्खा दिवस जातो. शिवाय केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानात चालत नाही. नाक्यावर सामान उतरवून दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या चालकासोबत बसायचं.

दुसरं म्हणजे फेब्रुवारीत कळप माऱ्यात नसतातच. ते असतात सेरेंगेटीच्या अगदी दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर. तिथलं आखूड गवत ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत उगवतं, त्यात खनिजं भरपूर असतात आणि म्हणून माद्या तिथेच वितात. नदी ओलांडण्याची प्रसिद्ध दृश्यं जुलै ते ऑक्टोबरमधली. म्हणजे फेब्रुवारीत मारा करून सेरेंगेटीत शिरायचं म्हटलं तर तुम्ही कळपांपासून सगळ्यात लांबच्या टोकाने आत येणार.

न्दुतूला जायचं तर अरुशा–करातू–न्गोरोन्गोरो हाच रस्ता, आणि त्याला जवळचा विमानतळ किलिमांजारो. अरुशा आणि मोशी या दोन गावांच्या मधोमध आहे, दोन्हीकडे साधारण तासाभराचं अंतर.

दार माझं गाव झालंय, तरी सांगतो, या सहलीसाठी दारला उतरू नका. दार ते अरुशा रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर आहे. देशांतर्गत विमान घेतलं तरी एक दिवस फुकट. दक्षिणेकडच्या न्येरेरे किंवा रुआहा उद्यानांना जाणाऱ्यांनी दारला यावं.

---

शेवंती

किसुतूकर, +१. सीमा बंद असल्याचं मला माहीतच नव्हतं. आमच्या एजंटने तर कागदावर सरळ बाण काढून दिला होता.

---

सुनीता_ठाणे

मृण्मयी, स्वस्त तिकीट बघताना ते एकच तिकीट आहे की दोन वेगवेगळी जोडलेली आहेत हे आधी बघ. आमचं काय झालं ते लिहिते.

आम्ही पाच जण होतो. मुंबई–नैरोबी एका कंपनीचं आणि नैरोबी–किलिमांजारो दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढली. मध्ये साडेतीन तास होते, भरपूर वाटले. मुंबईचं विमान अडीच तास उशिरा सुटलं. तिकिटं वेगळी असल्यामुळे सामान पुढे जात नाही, नैरोबीला बाहेर येऊन पट्ट्यावरून घ्यावं लागतं. म्हणजे केनियात प्रवेश करावा लागतो. म्हणजे केनियाची परवानगी लागते, आणि ती आमच्याकडे नव्हती. सगळं होईपर्यंत दुसरं विमान गेलं. ती कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत. पहिली म्हणाली, आम्ही तुम्हाला नैरोबीला पोचवलं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. पाच नवी तिकिटं खिडकीवर उभं राहून काढली आणि सफारीची पहिली रात्र बुडाली.

एकाच तिकिटावर असतं तर पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी असती, सामानही थेट गेलं असतं.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीची. परतताना मुंबईला इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचं टेबल असतं. केनियातून आलो म्हणून पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागितलं. माझ्या भावाचं कार्ड मोठ्या बॅगेत, आणि बॅग पलीकडच्या पट्ट्यावर. दीड तास बसवून ठेवलं. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी एक माणूस सोबत दिला आणि बॅग शोधून आणवली. त्यांनी मनावर घेतलं नसतं तर भावाची रात्र तिथेच गेली असती. कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवायचं, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

---

मृण्मयी_पुणे

सुनीताताई, बापरे! एवढं सगळं वाचून बरं झालं विचारलं असं वाटतंय.

लशीचं मला नीट कळलं नाही. टांझानियाला जायला लस लागते का? सासूबाईंना संधिवात आहे, त्यासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. त्यांना ही लस चालेल?

---

डॉ_माधवी

मृण्मयी, तुमच्या सगळ्या नियोजनातला हा मुख्य प्रश्न आहे, आणि तो तुम्ही तिकिटं काढण्याआधी विचारलात हे फार चांगलं झालं.

पीतज्वराची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ती सहसा देत नाहीत, आणि मेथोट्रेक्सेट त्यात मोडतं. त्याशिवाय साठीच्या वर पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा थायमस ग्रंथीचा विकार असेल तरीही देत नाहीत. सासूबाईंच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचाराच, पण लस नको असंच ते सांगतील असं मला वाटतं. आणि लशीसाठी मनाने औषध बंद करू नका.

आता नियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत केनिया, इथियोपिया आणि युगांडा हे पीतज्वराचा धोका असलेले देश आहेत. टांझानिया त्या यादीत नाही. म्हणून:

भारतातून आखातमार्गे टांझानिया आणि त्याच वाटेने परत, असा प्रवास असेल तर नियमाने लस लागत नाही.

नैरोबी किंवा आदिसवरून गेलात तर प्रश्न सुरू होतो. धोक्याच्या देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर टांझानिया कार्ड मागतं. भारताचा नियम त्याहून कडक आहे. धोक्याच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. नुसतं विमान बदललं आणि विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याला पटली तरच. वैद्यकीय कारणाने लस घेतली नसल्याचं प्रमाणपत्र नेता येतं, पण निर्णय पुन्हा त्याच टेबलावर होतो. ६७ वर्षांच्या बाईंना रात्रीच्या विमानातून उतरून त्या टेबलासमोर उभं करायचं का, हा विचार करा.

तुम्हा तिघांना लस घ्यायची असेल तर केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. कार्ड लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६च्या बदलानंतर ते आयुष्यभर चालतं. याद्या बदलत असतात, म्हणून निघण्याआधी महिनाभर आरोग्य मंत्रालयाची यादी पुन्हा एकदा बघा.

मलेरियाच्या गोळ्या मात्र कुठल्याही मार्गाने गेलात तरी डॉक्टरांना विचारून सुरू करा.

---

भटक्या_सातारकर

डॉक्टर, हे वाचून माझं मत बदललं. सासूबाई सोबत असताना नैरोबी नकोच. पण पंचविशीतले चार मित्र, पाठीवर सॅक, लस घेतलेली, हातात वेळ असेल तर मी अजूनही नामांगाच सांगेन. पहिला मसाई माणूस आपल्या गुरांमागे उभा दिसतो तो त्या रस्त्यावर. विमानातून ते कुठलं दिसायला.

---

उरणची_लेक

थोडं अवांतर, पण पूर्व आफ्रिकेचं नाव वाचलं की माझ्याच्याने राहवत नाही.

माझे पणजोबा मोंबासाला रेल्वेत कारकून होते. तेव्हा विमान कुठलं! ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट मुंबईच्या गोदीतून निघायची. कंपनीच्या दोन बोटींची नावं घरात कायम ऐकली, ‘कंपाला’ आणि ‘कारंजा’. आम्ही उरणचे, त्यामुळे कारंजा म्हणजे आपल्याच बंदराची बोट असं पणजी शेवटपर्यंत म्हणत असे. वाटेत सेशेल्स, मग मोंबासा, झांझिबार, दार. पणजी डेकवर बसून गेली होती, पितळेचा डबा आणि लोणच्याची बरणी घेऊन. डबा माझ्याकडे आहे. झाकणावर पणजोबांचं नाव आणि ‘मोंबासा’ असं टोचून कोरलंय, स मधली एक रेघ राहून गेलीये.

आणि त्याच्याही आधी शिडाची गलबतं. ईशान्येचे वारे सुरू झाले की इकडून तिकडे जायचं, नैर्ऋत्येचे सुरू झाले की परत यायचं. किनाऱ्यावर त्या वाऱ्यांना ‘कास्काझी’ आणि ‘कुसी’ म्हणतात. मार्ग तेव्हाही ठरवावा लागायचा, फक्त तारीख वारा ठरवायचा.

---

शेवंती

उरणची_लेक, डब्याचा फोटो टाका ना! आणि यावर वेगळा धागा काढाच.

---

किसुतूकर

किती सुंदर आठवण. इथल्या भाषेतही त्या ये-जा करण्याच्या खुणा सापडतात. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’. चपातीला चपातीच. माझी आई इथे आली तेव्हा पहिल्याच दिवशी भाजीवाल्याकडे ‘चाय’ आणि ‘दुका’ ऐकून म्हणाली, अरे मला अर्धी भाषा येतेय.

यावरून प्रवासाची एक महत्त्वाची गोष्ट. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. सकाळचे नऊ म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. आपल्या घड्याळात आणि त्यात सहा तासांचा फरक. बसवाल्याने तोंडी ‘सा तातू’ सांगितलं आणि तुम्ही शब्दकोशात बघून तीन वाजता पोचलात, तर बस सहा तास आधी गेलेली असते. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांची मोरोगोरोची बस अशीच गेली. विमानाच्या आणि बोटीच्या तिकिटांवर नेहमीची वेळ असते, तोंडी वेळ मात्र दोनदा विचारून घ्या. आणि आपल्यापेक्षा इथलं घड्याळ अडीच तास मागे आहे.

---

गिरिप्रेमी_नितीन

मी किलिमांजारो चढायला गेलो होतो (५,८९५ मीटर, माचामे मार्गाने), तेव्हा आदिसवरून किलिमांजारो विमानतळाला उतरलो. उत्तरेकडून येणाऱ्या विमानात डाव्या हाताची खिडकी मागून घ्या. ढगांच्या वर एकटा पांढरा माथा दिसतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तो ढगच वाटला होता, मग विमान वळलं आणि त्याला कडे फुटले. शेजारचे, तिथल्या चागा जमातीचे एक वयस्कर गृहस्थ खिडकीकडे बोट करून फक्त ‘किबो’ म्हणाले. किबो हे त्याच्या सगळ्यात उंच शिखराचं नाव.

चढाईला जाणाऱ्यांसाठी: बूट पायात घालूनच विमानात बसा. सामान एक दिवस उशिरा आलं तर बाकी सगळं मोशीत भाड्याने मिळतं, आपल्या पायाला सरावलेला बूट मिळत नाही.

---

परदेशी_पाहुणा

केनिया, युगांडा, टांझानिया तिन्ही देशांचा मिळून एकच व्हिसा असतो असं ऐकलंय. गोरिला बघायला युगांडा आणि मग सेरेंगेटी असं जमेल का?

---

किसुतूकर

@परदेशी_पाहुणा, तो एकत्र व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा आहे, १०० डॉलर, ९० दिवस. टांझानिया त्यात नाही. टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, भारतीयांना एकदाच प्रवेशाचा साधा व्हिसा ५० डॉलर, ऑनलाइन अर्ज करून. सरकारी संकेतस्थळावरच करा, त्याच्यासारखी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी बरीच आहेत. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून ऑनलाइन पूर्वपरवानगी सुरू केली आहे, पण फी तिचीही आहेच. युगांडा धरलात तर पीतज्वराचं कार्ड हवंच.

@मृण्मयी, झांझिबारबद्दल: १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला झांझिबारच्या सरकारी विमा कंपनीचा विमा सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. भारतात काढलेला प्रवास विमा असला तरी हा घ्यावाच लागतो. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. भाजणी, मेतकूट जे काही आणाल ते डब्यात आणा.

---

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी धागा मोठ्याने वाचला. सासूबाईंना पणजीच्या डब्याचं फार आवडलं. त्यांचे डॉक्टर लशीला स्पष्ट नाही म्हणाले.

तर आता असं ठरतंय: मुंबई–दोहा–किलिमांजारो जाताना आणि झांझिबार–दोहा–मुंबई येताना, एकाच तिकिटावर. जायचं एका गावी, परतायचं दुसऱ्या गावाहून, त्यामुळे मागे फिरायला लागत नाही. नैरोबीच्या तिकिटापेक्षा माणशी बरेच जास्त पडतात, पण केनियाची परवानगी, नैरोबीची रात्र आणि बस धरली तर फरक अर्ध्यावर येतो. पहिली रात्र अरुशात नुसता आराम. मग करातू, विवर, न्दुतू तीन रात्री. सेरेंगेटीतून पुन्हा सात-आठ तास गाडीने यायचं सासूबाईंना झेपणार नाही, म्हणून न्दुतूच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार. मारा रद्द. नवऱ्याने नकाशा घडी घालून ठेवलाय, ‘जुलैत पुन्हा’ म्हणतो.

यात काही चुकतंय का?

---

सुनीता_ठाणे

मस्त! परतीच्या विमानाचा मधला थांबा बघून घे. झांझिबारहून निघणारी काही विमानं वाटेत दुसरीकडे टेकतात. तो थांबा टांझानियातच असेल तर हरकत नाही, मोंबासाला असेल तर पुन्हा केनिया आला.

---

डॉ_माधवी

सुनीताताईंनी नेमकं सांगितलं. आणि सासूबाईंच्या डॉक्टरांचं पत्र तरी सोबत असू दे. नियमाने लागणार नाही, पण मुंबईत चेक-इनच्या काउंटरवर ‘आफ्रिका’ ऐकून कार्ड मागणारे भेटतात. तेव्हा शांतपणे मार्ग दाखवायचा आणि पत्र पुढे करायचं.

---

किसुतूकर

मार्ग उत्तम झालाय. दोनच गोष्टी.

छोट्या विमानात माणशी १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग पोटात मावत नाही म्हणून ते घेत नाहीत. सगळ्या बॅगा पुण्यातूनच मऊ घ्या.

आणि अरुशा गावाचा स्वतःचा एक छोटा विमानतळ आहे, किलिमांजारोपासून वेगळा. सफारीची छोटी विमानं बहुतेक तिथून उडतात. तुमच्या गाडीवाल्याला पाठवायच्या चिठ्ठीत नुसतं ‘अरुशा विमानतळ’ लिहू नका. ‘किलिमांजारो’ लिहा, विमानाचा क्रमांक लिहा आणि पोचण्याची वेळ लिहिताना पुढे ‘रात्री’ की ‘सकाळी’ तेही लिहा.

झांझिबारहून उडण्याआधी एक दिवस दारला यायला जमलं तर बोटीने दोनच तास लागतात. किसुतूत आमच्या घरी जेवायला या. आईंना सांगा, इथे ओला नारळ आणि कोकम दोन्ही आहे, सोलकढी करून ठेवतो.

---

मृण्मयी_पुणे

किसुतूकर, सासूबाई शेजारीच बसल्यात. विचारतायत, त्या बोटीत डेकवर बसता येतं का?

---

किसुतूकर

येतं. वरच्या मजल्यावर, उघड्यावर. वारा खूप असतो, स्कार्फ आणायला सांगा.